बैठकीचा प्रश्न

राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षं काढलेल्या माणसाला एक व्याधी जडते ती जडतेच. चार माणसं कुठेही जमलेली दिसली की त्याला काहीतरी आयोजित करावंसं वाटतं. कॉलेजात ही खाज सेवेच्या २४० तासांत आणि सात दिवसांच्या शिबिरात भागायची. बंधारा घातला, गटार उपसलं, रात्री पथनाट्य केलं, की झालं. पुढे नोकरी, संसार आणि पोट यांच्याखाली ती दबते. मग चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे 'माजी एनएसएस' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो आणि कोणीतरी लिहितं, "पुणे ते गोवा सायकलने जाऊ. चांगल्या कामासाठी निधीपण जमेल." पाच मिनिटांत तीस अंगठे वर.

योजनेच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक आहे. त्याला आठ आरे. सायकलच्या चाकाला बत्तीस नाहीतर छत्तीस, आणि आपल्या पूर्वानुभवाचा उपयोग साधारण तिथेच संपतो.

सायकलीच्या आधी पैशाचं बघावं लागतं, कारण पैसा सायकलपेक्षा लवकर पंक्चर होतो. 'किलोमीटरमागे एक रुपया' ही योजना दात्यांना फार आवडते. ऐकायला भव्य, प्रत्यक्षात साडेचारशे रुपये. हे पैसे कुणाच्याही खाजगी खात्यात घेऊ नयेत, खजिनदार कितीही सज्जन असला तरी. ज्या संस्थेसाठी जमवायचे, तिच्याकडे ८०जीची, म्हणजे देणगीवर करसवलत मिळवून देणारी, नोंदणी आहे का ते पाहावं आणि तिच्याच खात्याचा क्यूआर कोड फिरवावा. दात्याचा पॅन सुरुवातीलाच घ्यावा. दोन हजारांच्या वर रोख दिली तर तिच्यावर करसवलत मिळत नाही, हेही आधीच सांगावं, म्हणजे नंतरची भांडणं वाचतात. "मी नवीन करप्रणाली घेतलीय, मला सवलत लागू नाही" असं सांगणारा एक काका प्रत्येक घरात असतो. त्याचं म्हणणं कायद्याने बरोबर असतं. देणगी मागेपर्यंत आपण कुठली प्रणाली घेतलीय हे त्याला ठाऊक नसतं, एवढंच.

खर्च मात्र ज्याचा त्याने करावा, याबाबत मी कडवा आहे. टी-शर्ट, फ्लेक्स, डिझेल आणि लॉज देणगीतून काढले तर शेवटी संस्थेच्या हाती जे पडतं त्यात एक चांगली सायकलही येत नाही. आणि निधी बहुधा खेड्यातल्या शाळकरी मुलींच्या सायकलींसाठीच असतो. त्या मुली बिनगिअरच्या जड सायकलीवर, दप्तर पाठीला लावून, रोज शाळेला जाऊन येतात. त्यांना कुणी झेंडा दाखवत नाही.

मग बैठका. तीस जणांत मार्गप्रमुख व्हायला अकरा तयार असतात, टेम्पो चालवायला कोणी नाही. वास्तविक टेम्पो हाच मोहिमेचा कणा. त्यात उभा पंप, प्रत्येक मापाच्या चार-चार ट्यूब, चेनचं तेल, ब्रेकचे रबर, पाण्याचे जार आणि दोन गाद्या हव्यात. गाद्या कशाला ते साताऱ्यापुढे कळतं. दुसरं महत्त्वाचं पद शेवटच्या माणसाचं. सगळ्यात मागे राहायचं आणि सगळ्यात हळू जाणाऱ्याच्याही मागे राहायचं. योजनेचं ब्रीद 'नॉट मी, बट यू' असं आहे. या पदासाठी नावं मागितली की ते सगळ्यांना एकदम आठवतं.

आता खरा प्रश्न, म्हणजे बैठकीचा. सीटची उंची अशी हवी की टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली नेलं तर पाय सरळ होतो. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात बेताचा वाक उरतो. सीट खाली असली की गुडघा पुढून दुखतो, वर असली की मागून. मऊ, रुंद, जेलची सीट घेण्याचा मोह टाळावा. मऊ सीटमध्ये बसकणीची हाडं रुततात आणि सगळा भार भलत्याच नाजूक जागी येतो. पॅडवाली सायकल चड्डी घालावी, आणि तिच्या आत दुसरी काही घालू नये. ही सूचना ग्रुपवर कोणी द्यायची यावर एक बैठक होते. कुणीच देत नाही, आणि शिरवळला निम्मे जण वडापाव उभ्याने खातात.

पुण्याहून निघताना पहिला चढ जुन्या कात्रज घाटाचा. माजी स्वयंसेवकाला श्रमदानाची सवय. तो पेडल फावड्यासारखं हाणतो, जड गिअरवर, उभा राहून. गुडघे कामातून जातात ते इथे. चढ सुरू व्हायच्या आधीच पुढे लहान आणि मागे मोठी चकती घ्यावी. भर चढावर जोर लावलेला असताना गिअर बदलला की चेन कडकड करून उतरते आणि मागचे तिघे अंगावर येतात. पेडलचे मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे, हलक्या पायाने. पन्नासेक किलोमीटरवर खंबाटकी आहेच. साताऱ्याकडून येणाऱ्यांना तिथे वर्षानुवर्षं बोगदा मिळत आलाय, आपल्याला जाताना घाट. हा अन्याय जुना आहे, त्यावर आंदोलन करायची सूचना सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या चहावर येतेच.

पंक्चर. महामार्गावर काचा आणि खिळे यांच्यापेक्षा जास्त छळते ती तार. ट्रकचे टायर फुटतात, त्यांच्यातल्या पोलादी तारांचे केसाएवढे तुकडे कडेच्या पट्टीवर, म्हणजे नेमके आपल्या वाटेवर, पडून राहतात. चाक काढायच्या आधी चेन मागच्या सगळ्यात लहान चकतीवर आणावी. टायर व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने उचकटायला घ्यावा, बसवताना शेवट व्हॉल्व्हपाशी करावा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. तार असेल तिथे कापूस अडकतो. बोट फिरवलं तर बोटच अडकतं. हे न करता ट्यूब बदलणारा उत्साही गडी दोन किलोमीटरवर पुन्हा बसलेला दिसतो, आणि तोवर त्याच्याभोवती सल्लागार मंडळ स्थापन झालेलं असतं. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं दिसली, तर तार शोधत बसू नये. हवा कमी होती, आणि खड्ड्यात रिमने ट्यूबला चावा घेतला. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या टायरला हवेचा दाब साठ-सत्तर पीएसआय, पंचवीसच्या टायरला नव्वदच्या आसपास लागतो. बोटाने दाबून 'आहे की' म्हणणं ही मोजमापाची पद्धत नव्हे.

आणखी एक खोच. महागड्या सायकलींना बारीक, लांब मानेचा फ्रेंच व्हॉल्व्ह असतो. हायवेवरच्या पंक्चरवाल्याच्या नळीचं तोंड त्याला बसत नाही. तो आपल्या लाखभराच्या सायकलीकडे कीव आल्यासारखा पाहतो. करंगळीच्या पेराहून लहान असं एक पितळी अडॉप्टर किरकोळ पैशांत मिळतं. ते प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावं, टेम्पोत नव्हे. टेम्पो तेव्हा नेमका पुढे चहाला गेलेला असतो.

दर गावी जुना कार्यक्रम अधिकारी किंवा शिबिरातला मित्र वाट पाहत उभा असतो. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगत, आणि 'दोन शब्द' म्हणून चाळीस मिनिटं. इकडे आपण घामाने भिजलेल्या चड्डीत उभे. मांडीवर फोड येतात ते सायकलीवर कमी आणि अशा सत्कारांत जास्त, कारण ओलं पॅड म्हणजे जंतूंचं शिबिर. पोहोचल्या पोहोचल्या धुऊन, कोरडं होऊन, सुती कपडे घालावेत. मग खुशाल शाल घ्यावी. यजमानांना आधीच कळवावं की नारळ नको, त्याचे पैसे क्यूआर कोडवर टाका. तरी नारळ येतात. कोल्हापूरपर्यंत टेम्पोतल्या गादीवर त्यांचाच मुक्काम असतो.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर मीठ कमी पडून डोकं जड होतं, मळमळतं. ओआरएसची पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. तासाभराने एक केळं किंवा राजगिऱ्याची चिक्की. मिसळ कोल्हापुरात मुक्कामाला पोचल्यावर. सकाळी कऱ्हाडला तर्रीसकट हाणून पेठनाक्याच्या उन्हात निघालेल्यांची नावं मी घेत नाही.

डिसेंबर-जानेवारीत या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन, मागे दिवा असेलच असं नाही, आणि ऊस चारी बाजूंनी बाहेर. वारा अडतो म्हणून तिच्या मागे चिकटून जाण्याची आयडिया कुणाला तरी सुचतेच. एक टिपरू सुटून चाकात आलं की कळतं.

निपाणीहून आजऱ्याकडे वळलं की हे सगळं मागे पडतं, रस्ता वरखाली करत आंबोलीला चढतो. आंबोली साधारण ६९० मीटरवर, आणि पुढे सावंतवाडीपर्यंत बहुतेक उतारच. सगळ्यांना वाटतं, सुटलो. उतार लागायच्या आधी ब्रेकचे रबर पाहावेत, खाचा बुजल्या असतील तर बदलावेत. ब्रेक सतत दाबून धरू नयेत. रिम तापते, आतली ट्यूब फुटू शकते. दाबावं, सोडावं, दोन्ही हातांनी. वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात नव्हे. धबधब्यापाशी माकडं असतात. त्यांना चिक्की ओळखता येते.

ज्याला झेपत नाही त्याने टेम्पोत बसावं. आपल्याकडे हे फार मानहानीचं समजतात. १९८५ साली बाबा आमट्यांच्या 'भारत जोडो'त तरुण मुलं कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलने गेली, आणि मणक्याच्या दुखण्यामुळे बाबा स्वतः गाडीत आडवे पडून त्यांच्याबरोबर गेले. तेव्हा नारळ बाजूला सारून खुशाल आडवं व्हावं.

पणजीला फोटो होतात. परतताना सायकली टेम्पोत गिअरची बाजू वर ठेवून, मध्ये पुठ्ठे घालून रचाव्या. नाहीतर पुण्याला एकही गिअर जागेवर बसत नाही. काम इथे निम्मंच झालेलं असतं. संस्थेला देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत भरावं लागतं, आणि दात्यांच्या पॅनमध्ये शून्य आणि ओ यांची सरमिसळ झालेली असते. किलोमीटरमागे एक रुपया देणारे काका स्ट्रावाचा, म्हणजे अंतर मोजणाऱ्या अ‍ॅपचा, स्क्रीनशॉट मागतात. त्यात ४४३ दिसतात, कारण चढणीचे सात टेम्पोत गेले. ते ४४३ रुपये पाठवतात, आणि प्रमाणपत्रावर मधलं नाव चुकलं म्हणून आठवडाभर फोन करतात.