व्हिजिटर : फिश

आज डोकं फिरलंय, लांबण लागणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी सरळ पुढे सरका.

आजी जाऊन आज बावीस दिवस झाले. दुपारी पावणेबाराच्या सुमारास आमची कोळीण मावशी आली होती. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातून. वय पंचाहत्तरच्या पुढे नक्की, गुडघे कधीच गेलेत, आणि ही बाई टीएमटीच्या बसमध्ये बसून, मेट्रोच्या कामाने वाट लागलेल्या घोडबंदर रोडवरून, त्या ट्रॅफिकमधून, कासारवडवलीपर्यंत एकटी आली. आजी गेल्याचं तिला कालच कुणाकडून तरी कळलं म्हणून. आणि आमच्या सोसायटीच्या गेटवरून तिला परत पाठवलं. का, तर अ‍ॅपवर अप्रूव्हल नाही! वॉचमन नवीन पोरगा, त्याने अ‍ॅपमध्ये टाकलं "व्हिजिटर : फिश". बाई नाही, नाव नाही, फिश.

संध्याकाळी मी खाली गेले तेव्हा त्याने एक पिशवी हातात दिली. "मॅडम, एक आजी देऊन गेल्या, थोडा वेळ त्या कठड्यावर बसल्या होत्या." पिशवीत पेपरात गुंडाळलेले सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी. अर्धा किलो तरी असतील. सोड्यांचा आजचा भाव काय आहे ते सीकेपी घरातल्यांना मी सांगायला नको.

सोसायटीच्या ग्रुपवर आजी गेली तेव्हा त्रेचाळीस जणांनी हात जोडले होते. त्रेचाळीस. मोजलेत मी. एकाने लिहिलं, "अत्यंत मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व". हा शब्द ऐकला की आता मला तिडीक येते. मनमिळाऊ म्हणे. जसं काही चेहऱ्यावर तीळ असावा तसं ते तिला आपोआप आलं होतं! अरे बाबांनो, ते काम होतं. ब्याण्णव वर्षांची होऊन गेली ती, त्यातली सत्तर वर्षं तिने हे काम केलं, बिनपगारी, बिनसुट्टीचं.

तुम्हाला फोनची गोष्ट सांगते. घरातले म्हणतील परत तीच, तर हो, परत तीच.

नौपाड्यातल्या आमच्या चाळीत १९८४ साली आमच्याकडे फोन आला. नंबर लावून किती वर्षं झाली होती ते आजोबाही विसरले होते. मजल्यावर एकच फोन, म्हणजे तो फोन कुणाचा असतो ते आमच्या वयाच्या लोकांना माहितीये. पीपी नंबर! अख्ख्या चाळीने आपल्या लग्नपत्रिकांवर, नोकरीच्या अर्जांवर, गावच्या पत्रांत आमचा नंबर देऊन टाकला होता, बऱ्याच जणांनी न विचारता. आजीने एक लांबुडकी वही केली होती, कुणाचा फोन, कुणासाठी, काय निरोप, सगळं त्यात. आणि त्या वहीत आमची कोळीण मावशीपण होती, कारण तिचा थोरला मुलगा जहाजावर लागला होता आणि त्याच्याकडे आईपर्यंत पोचायला दुसरा नंबर नव्हता.

मी दहा वर्षांची असेन. दुपार, जुलै, पाऊस असा की समोरची गॅलरी दिसत नव्हती. फोन वाजला, कुठल्यातरी परक्या बंदरावरून तो मुलगा. आजी फोनवर एवढंच ओरडली, "ठेव, अर्ध्या तासाने परत लाव, आणते तिला." पदर खोचला, छत्री घेतली आणि निघाली. रिक्षाबिक्षा नाही. मासळी बाजारात मावशी नव्हती, मग तिथून चेंदणीला तिच्या घरी. पंचावन्नच्या आसपासची बाई गुडघाभर पाण्यातून गेली आणि अर्ध्या तासाच्या आत दोघी भिजून चिंब आमच्या दारात हजर. मावशी रिसीव्हरला हात लावेना. हाताला मासळीचा वास होता ना. चाळीतली अर्धी घरं शाकाहारी, जिन्यातून टोपली नेतानाही नाकं मुरडणारी, ते तिला चांगलं ठाऊक होतं. आजीने रिसीव्हर उचलून सरळ तिच्या कानाला लावला आणि स्वतः धरून उभी राहिली. मावशी नुसती रडत होती, बोललीच नाही फारसं, पैसे तिकडे त्या पोराचे जळत होते.

पुढचे तीन दिवस फोनला बोंबलाचा वास येत होता. आजोबा वैतागले. शेजारच्या काकू निरोप घ्यायला आल्या आणि रिसीव्हर रुमालाने धरून बोलल्या. आजी त्यांना चहा देताना म्हणाली, "वास जाईल हो. त्या पोराचा फोन परत कधी येईल कोण जाणे."

आता कुणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच लिहिते. आजी काही देवी नव्हती. भोचक होती, कुणाच्या मुलीचं कुठे जुळतंय ते मुलीच्या आधी हिला कळायचं. आणि ती गप्पा मारत बसायची तेव्हा चहा माझी आई टाकायची. दिवसाला वीस-वीस कप. हळदीकुंकवाला शंभर बायका यायच्या, वाणं आजी वाटायची आणि पातेली आई घासायची. आईने परवाच म्हटलं, "त्यांचं दार उघडं असायचं, माझे पाय दुखायचे." मान्य. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण आजोबांची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली तेव्हा आमच्या घरात सात महिने पगार नव्हता, तेव्हा दारावर मासळी देऊन "पैसे नंतर" म्हणणारी हीच मावशी होती. हिशेब आजीने त्याच वहीत लिहिला आणि पै न् पै फेडला. हे काय मनमिळाऊपणाने होतं? ते वर्षानुवर्षं पावसातून चालत जाण्याने होतं.

सिक्युरिटी हवी, हेही मान्य. मागच्या वर्षी आमच्या विंगमध्ये चोरी झाली. बरं.

आणि आता, इतकं लिहून झाल्यावर, जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. अ‍ॅपवर 'डिनाय' मीच केलं.

मी घरीच होते. चौदाव्या मजल्यावर, कॉलवर, कॅमेरा चालू. फोन थरथरला, "व्हिजिटर : फिश" दिसलं, मला वाटलं कुणीतरी ऑनलाइन मासळीवाला चुकून आलाय, अंगठ्याने लाल बटण दाबलं आणि पुन्हा एक्सेल शीटकडे वळले. दोन सेकंद लागले असतील. ती खाली कठड्यावर बसली होती तेव्हा मी वर क्वार्टरचे आकडे समजावून सांगत होते. वर सोसायटीला 'थोर' म्हणणार होते, ते खोडलं मगाशीच.

तिचा नंबर नाही माझ्याकडे. इतकी वर्षं मावशी मावशी, मला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं. वही काकूकडे डोंबिवलीला गेलीये सामानात, तिला फोन केला, म्हटलं शोध. मगाशी साडेनऊला तिने फोटो पाठवला. आजीचं ते डावीकडे कललेलं अक्षर. मावशीचं आख्खं नाव आहे, नवऱ्याच्या नावासकट, इथे टाकत नाही. पुढे फोन नंबरच्या जागी लिहिलंय, "चेंदणी. विहिरीपासून आत, तिसरं घर, निळं दार. मुलगा जहाजावर. बोलावून आणणे."

पुनर्विकासात विहीर तरी राहिलीये का तिकडे? चेंदणीतलं कुणी असेल तर सांगा. सोडे अजून टेबलावरच आहेत, आख्ख्या हॉलला वास सुटलाय, एसी लावायचाय पण खिडकी बंद करवत नाहीये. उद्या सुट्टी टाकलीये. पहिल्या बसने निघते.