डायलिसिसवाल्यांनी ‘मसल’ दाखवणारा काटा घ्यावा म्हणे!

हा फॉरवर्ड फिरत फिरत शेवटी आमच्या मामांकडे आलाच. मामा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. मेसेज सांगतो: घरी बॉडी फॅटचा काटा ठेवा, ‘मसल’ वाढलं की तब्येत सुधारली समजा. सेंटरवाले उगाच जास्त पाणी खेचतात. आणि डाळ, अंडी, पनीर बंद. मामांनी काटा मागवलासुद्धा!

सगळ्यात मोठा घोळ काट्याचाच. तो स्नायू मोजतच नाही. तळपायांतून बारीकसा करंट सोडतो, त्याला किती अडथळा होतो ते बघतो, बाकी सगळं गणित. चरबी वगळून उरलेल्या शरीरात साधारण ७३ टक्के पाणी असतं, हे त्या गणितात गृहीत असतं. धडधाकट माणसाला ते चालून जातं. पण ज्याला लघवीच होत नाही, दोन डायलिसिसच्या मध्ये ज्याच्या अंगात दोन-अडीच लिटर पाणी साठतं, त्याचं काय? साठलेल्या पाण्यातून करंट सहज जातो आणि काटा ते पाणी स्नायूंच्या खात्यात टाकतो. मामांना डायलिसिसच्या आधी आणि नंतर उभं केलं, तर ‘मसल’ दीड किलोने उतरलेलं. चार तासांत दीड किलो स्नायू कुणाचे झडतात हो? पाय सुजलेला माणूस या काट्यावर पैलवान ठरतो. उलट स्नायू खरोखर झिजले आणि त्यांच्या जागी पाणी भरलं, तर वजन तेच राहतं, काटा खूश, आणि पेशंट आतून खंगत जातो.

दवाखान्यातलं करंट सोडून मोजणारं यंत्र वेगळं. ते अनेक फ्रिक्वेन्सींवर मोजतं, त्यामुळे पेशींबाहेरचं पाणी वेगळं काढता येतं. अमेरिकेतल्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २०२० च्या पोषणविषयक मार्गदर्शक सूचना हिमोडायलिसिसच्या पेशंटसाठी शक्यतो असंच यंत्र वापरा म्हणतात, तेही डायलिसिस संपल्यावर किमान अर्धा तास थांबून. आणि किती पाणी काढायचं हे ठरवायला हे यंत्र सरसकट वापरावं, इतका पुरावा नाही, असं ‘नाइस’ या ब्रिटनमधल्या उपचारांबद्दल सल्ला देणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ मध्ये सांगितलंय. मग बाथरूममधल्या काट्याची काय कथा!

जास्त पाणी खेचण्याच्या तक्रारीत थोडं तथ्य आहे, ते मान्य करावंच लागेल. ड्राय वेटचा, म्हणजे जादा पाणी काढल्यावर जे वजन उरायला हवं त्याचा, आकडा काही ठिकाणी महिनोन्‌महिने फाइलवर तसाच पडून असतो. पेशंटच्या अंगावर मांस चढलं तरी आकडा जुनाच, मग पायात गोळे येतात, बीपी पडतं. पण त्यासाठी डॉक्टरांना ड्राय वेट पुन्हा बघायला सांगायचं. आपल्या मनाने “आज कमीच काढा” म्हणायचं नाही. फुप्फुसात पाणी साठलं की दम लागतो आणि धावाधाव घरच्यांची होते.

डाळ-अंड्यांबद्दल त्याच अमेरिकन सूचना बघा: तब्येत स्थिर असलेल्या डायलिसिसच्या पेशंटला रोज दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. प्रथिनं कमी करायचा सल्ला असतो तो डायलिसिस सुरू होण्याआधीचा. फॉस्फरस, पोटॅशियम सांभाळून काय खायचं ते डाएटिशियनला विचारा.

घरी काही मोजायचंच असेल तर शिंप्याची टेप घ्या. फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून तयार केलेली रक्तवाहिनी) नसलेल्या हाताच्या दंडाचा घेर, महिन्यातून एकदा, डायलिसिसनंतर, दर वेळी त्याच जागी. घेर कमी होत गेला तर आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा.