ट्रॅक्टर दारात असला तरी उतार बघूनच ठरवा

घरात ट्रॅक्टर असेल तर छोट्या डंपरपेक्षा ट्रॅक्टरमागं जोडायची, बॉडी वर उचलून माल ओतणारी डंपिंग ट्रॉलीच परवडते, असं एका लेखात वाचलं. सपाटीला पटतं. शेणखत टाकलं की ट्रॉली जोडलेली पिन काढायची, ट्रॅक्टर रोटाव्हेटरला (माती भुसभुशीत करायच्या अवजाराला) मोकळा. पण आमचं रान पन्हाळ्याच्या पायथ्याला. गेल्या पावसाळ्यात ब्रासभर मुरूम घेऊन उतरताना ट्रॉलीनं मागनं असा रेटा दिला की ट्रॅक्टर आडवा व्हायला आला. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेकच नव्हता. ब्रास म्हणजे १०० घनफूट, ओला मुरूम सहज ४ टनांच्या वर जातो! तेव्हापासून उताराच्या कामाला मी भाड्याचा डंपरच सांगतो. आणि ट्रॉली उचलायच्या आधी खाली उतरून जमीन बघा. एक चाक मऊ मातीत रुतलेलं असलं तर वर गेलेली बॉडी त्याच अंगाला कलंडते.