ठमीचा बॉल

ठमी आमच्याकडे आली तेव्हा जेमतेम पाच किलोची होती. वय कुणालाच माहीत नव्हतं, दात बघून डॉक्टर म्हणाले सहा-सात वर्षांची असेल. जात पग. आपल्याकडे अजूनही लोक ज्याला ‘हचचा कुत्रा’ म्हणतात ना, तीच. २००३ साली हच या मोबाइल कंपनीची ती जाहिरात आली, मुलाच्या मागे मागे चालणारा तो चपट्या नाकाचा पग घराघरांत दिसला आणि पोरांनी हट्ट धरला. मीसुद्धा धरला होता. आई नाही म्हणाली, ते किती बरं झालं हे आता कळतंय.

ठमी हायवेलगत सापडली. लोंबलेले सड आणि पोटावर टाक्यांचे व्रण बघून डॉक्टरांनी ओळखलं की हिला नुसती पिल्लांसाठी वापरली असणार. पगची डोकी मोठी, त्यामुळे बाळंतपणात पुष्कळदा सिझेरियनच करावं लागतं. २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडरने नोंदणी करायला हवी, एका मादीची पाचपेक्षा जास्त बाळंतपणं करायची नाहीत. हे सगळं कागदावर आहे. आणि जनावर असं टाकून देणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या वेळेचा दंड दहा ते पन्नास रुपये! मला अजून राग येतो.

पहिले आठ दिवस ती आडवीच झाली नाही. बसल्या बसल्या डुलक्या काढायची, मान खाली गेली की दचकून उठायची. सासूबाई म्हणाल्या, “अगं, हिला जमिनीची भीती वाटते का?” मग तिला मुलाचा जुना रबरी बॉल सापडला. तो दातांत धरून, हनुवटी उंबरठ्यावर टेकवून ती घोरायला लागली. आम्हाला इतकं गोड वाटलं! व्हिडिओ काढला, इथेच टाकला, तुम्ही सगळ्यांनी बदाम पाठवले.

तो व्हिडिओ डॉक्टरांनी पाहिला आणि क्षणभर काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “तोंड उघडं राहावं म्हणून बॉल धरते ती. नाकाने श्वास पुरत नाही. झोप लागली की गुदमरते.”

तिच्या नाकपुड्या म्हणजे दोन बारीक चिरा होत्या. घशातली टाळू लांब, श्वासाच्या वाटेत लोंबणारी. कुत्र्याला घाम फारसा येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं, आणि हिला तेच धड जमत नव्हतं. हे दुखणं तिला आपल्या आवडीने दिलंय. विल्यम होगार्थ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७४५ साली स्वतःच्या पगसोबत काढलेलं चित्र शोधून बघा, त्या कुत्र्याला चांगलं लांब नाक आहे. ते पिढ्यान् पिढ्या आखूड करत आणलं माणसांनी, का तर चेहरा बाळासारखा दिसावा. नेदरलँड्सने फार आखूड नाकाच्या कुत्र्यांच्या पैदाशीला बंदी घातली आहे. आपल्याकडेही व्हायला हवी, असं मला अगदी मनापासून वाटतं.

म्हणून हात जोडून सांगते, पगचं पिल्लू विकत घेऊ नका. एक विकलं गेलं की मागे आणखी एक ठमी गाभण राहते. पगच हवा असेल तर टाकून दिलेला घ्या, असे खूप आहेत. पण तयारीने घ्या. एप्रिल-मेमध्ये दुपारी बाहेर न्यायचं नाही. गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस हवा. नाकावरच्या घडीत ओल राहिली की जखम होते, ती रोज पुसायची. डोळे बाहेर आलेले असतात, त्यांना जपायचं. औषधपाण्याला पैसे बाजूला ठेवायचे. वजन तर वाढूच द्यायचं नाही, ती कितीही केविलवाणं बघत पोळीच्या डब्यापाशी बसली तरी.

ठमीच्या नाकपुड्या मोठ्या केल्या, टाळू कापून आखूड केली, त्याच भुलीत नसबंदीही झाली. त्याला आता चार महिने झाले. परवा दुपारी सासूबाईंनी मला नुसतं बोटाने खुणावून बोलावलं. पंख्याखाली फरशीवर ठमी कुशीवर पडली होती, चारही पाय सैल सोडून, तोंड मिटून. बॉल कपाटाखाली गेला होता आणि तिने तो शोधलाही नव्हता.