अडखळता व्हिडिओ अडखळताच राहावा म्हणून

एडिट केलेल्या व्हिडिओचं रेंडर, म्हणजे त्याची अंतिम फाइल बनवणं, पूर्ण झालं, हिरवी पट्टी शंभर टक्क्यांवर पोचली, घरातल्या सगळ्यांना हाका मारून पडद्यासमोर बसवलं आणि चित्र गचके खात चालायला लागलं. अंगणात धावणारी पोर धावत नाही, इथून नाहीशी होऊन तिथे उमटते. अशा वेळी घाबरून जाऊ नका. आणि शांतपणे विचार तर मुळीच करू नका. शांतपणे विचार केला की दोष सापडतो आणि सापडला की तो दुरुस्त करावा लागतो. नसती उठाठेव कशाला? पुढचे उपाय मनोभावे केलेत तर तुमचा व्हिडिओ जन्मभर असाच अडखळत राहील, याची खात्री बाळगा.

पहिलं पथ्य: घोडं नेमकं कुठं पेंड खातंय हे शोधू नका. गचका फाइलमध्ये आहे की फाइल दाखवणाऱ्या यंत्रात, हा प्रश्न मनाला शिवूही देऊ नका, कारण त्याचं उत्तर पाच मिनिटांत मिळतं. तीच फाइल दुसऱ्या यंत्रावर लावायची. तिथेही गचका नेमका त्याच जागी बसला तर खोट बहुधा फाइलमध्ये. दर वेळी वेगळ्या जागी बसला तर यंत्राची दमछाक होतेय. एवढ्यावर भागलं नाही तर व्हीएलसी या प्लेअरमध्ये व्हिडिओ थांबवून कीबोर्डवरचं ई दाबत राहायचं, म्हणजे एकेक फ्रेम, म्हणजे एकेक सुटं चित्र, पुढे सरकते. पाऊल उचललेलं, पाऊल जरा पुढे, पाऊल आणखी पुढे, पाऊल तिथेच, पाऊल एकदम जमिनीवर. ‘तिथेच’ म्हणजे एक फ्रेम दोनदा आली, ‘एकदम’ म्हणजे मधली कुणीतरी खाल्ली. इतका सरळ पुरावा समोर आला की भांडायला काही उरत नाही. म्हणून त्या ई पासून चार हात लांब राहा.

त्यापेक्षा जाणकाराला विचारा. कॉम्प्युटरमधलं सगळं कळणारा एखादा मावसभाऊ प्रत्येकाच्या नात्यात असतोच.

“दादा, व्हिडिओ अटकतोय रे.”

“रॅम किती आहे?”

“आठ जीबी.”

“मग अटकणारच!”

फाइल बघायची त्याला गरज पडत नाही. डॉक्टरने फोनवरून खोकला ऐकून चष्म्याचा नंबर सांगावा, तितक्या सहजतेने तो निदान करतो. रॅम वाढवली, गचका जागच्या जागी. नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, गचका जागच्या जागी. फाइलमध्ये जी फ्रेम लिहिलेलीच नाही, ती जगातलं कुठलंही कार्ड दाखवू शकत नाही. फार तर ती नसल्याचं जास्त वेगाने दाखवेल. पण चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यात जे समाधान आहे, ते चोर पकडण्यात कुठलं?

आता फ्रेमरेट. हे प्रकरण फार फलदायी आहे, इथे हात आखडता घेऊ नका.

नवा प्रोजेक्ट उघडताना एक खिडकी समोर येते आणि सेकंदाला किती फ्रेम हव्यात ते विचारते: २४, २५, २९.९७, ३०, ५०, ६०. ती न वाचता ओके करा. माझं मत विचाराल तर घरगुती व्हिडिओंची बरीचशी दुखणी याच खिडकीत जन्माला येतात, त्यामुळे तिला योग्य तो मान द्या. समजा तुमच्या फोनने ३० ने चित्रण केलंय आणि प्रोजेक्ट २५ चा आहे. सॉफ्टवेअर बिचारं तक्रार करत नाही. ३० मधून २५ करायच्या म्हणजे दर सहावी फ्रेम काढून टाकायची, आणि ते निमूटपणे काढत जातं. पाच फ्रेम गुळगुळीत, मग एक उडी. सेकंदाला अशा पाच उड्या. उलटं केलंत, म्हणजे २५ चं चित्रण ३० च्या प्रोजेक्टमध्ये घातलंत, तर दर पाचवी फ्रेम दोनदा दिसते. म्हणजे चित्र पळता पळता सेकंदातून पाचदा क्षणभर उभं राहतं. ६० चं चित्रण ३० मध्ये मात्र चुकूनही घालू नका. तिथे एकाआड एक फ्रेम सुटते, अंतर समान राहतं आणि गचका जाणवत नाही. सगळा डाव फसतो.

२९.९७ आणि ३० मधला फरक कुणी समजावून सांगू लागलं तर हसून सोडून द्या. एवढ्याशा फरकाने सुमारे तेहतीस सेकंदांत एखादीच फ्रेम पुढेमागे होते. नवशिक्यांसाठी ठीक आहे, तुमची भूक मोठी आहे.

एकाच कार्यक्रमाच्या क्लिपा चार नातेवाइकांकडून गोळा करा. एकाच्या कॅमेऱ्यात २५, दुसऱ्याच्या फोनमध्ये ३०, पुतण्याने हौसेने ६० ठेवलेलं आणि काकांनी मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवलेली, वाटेत दाबून बारीक झालेली फाइल. सगळ्या एका टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या पट्टीवर, ओता. मग गचका कुठे येईल आणि कुठे येणार नाही याचा काही नेम उरत नाही, आणि उत्सुकता शेवटपर्यंत टिकते.

उड्या लपवायच्या असतील तर फ्रेम ब्लेंडिंग नावाचा पर्याय आहे. तो दोन फ्रेम एकमेकींत मिसळतो. गचका कमी होतो आणि त्याच्या जागी धावणाऱ्या पोरीला चार पुसट पाय फुटतात. आणखी हौस असेल तर ऑप्टिकल फ्लोने २५ चे ६० करा. आडात नाही ते पोहऱ्यात आणण्याचा हा यांत्रिक प्रयोग. आधीची फ्रेम आणि नंतरची फ्रेम बघून मधली काय असावी याचा सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. मोकळ्या मैदानात हळू सरकणाऱ्या गाडीच्या बाबतीत अंदाज छान जमतो. टाळ्या वाजवणाऱ्या हातांच्या बाबतीत बोटं वितळून एकमेकांत जातात. पण गचका गेला ना? मग बोटं कशाला मोजता!

फोनने केलेलं चित्रण तर देवाने दिलेली देणगी आहे. बरेचसे फोन ‘३०’ असं लिहितात आणि प्रत्यक्षात फ्रेमरेट आपल्या सोयीने कमीजास्त करत राहतात. उजेड कमी झाला की एकेका फ्रेमला जास्त वेळ प्रकाश घ्यावा लागतो, मग काही फोन ३० वरून २४ वर उतरतात आणि दिवा लागला की परत चढतात. याला व्हेरिएबल फ्रेमरेट म्हणतात. फोनवर बघताना यात काही वावगं वाटत नाही, कारण प्रत्येक फ्रेम कधी दाखवायची याची वेळ तिच्याबरोबर नोंदलेली असते. एडिटिंगच्या बऱ्याच सॉफ्टवेअरना मात्र समान अंतराच्या फ्रेमची सवय. ती फाइल त्यांच्या गळ्यात मारली की काही जागी फ्रेम दोनदा येतात, काही जागी गळतात, आणि वर बक्षीस म्हणून आवाज आणि ओठ यांची हळूहळू फारकत होते. सुरुवातीला आजोबा बोलतात तसं ऐकू येतं. शेवटाकडे आजोबा तोंड मिटून बसलेले असतात आणि भाषण चालूच असतं.

हे टाळायचे मार्ग फुकट उपलब्ध आहेत, ही खरी खेदाची गोष्ट. मीडियाइन्फो नावाच्या छोट्या प्रोग्रामात फाइल टाकली की फ्रेमरेट मोडसमोर तो स्पष्ट लिहून दाखवतो, व्हेरिएबल की कॉन्स्टंट, म्हणजे बदलता की एकसारखा. हँडब्रेक या रूपांतराच्या प्रोग्रामात कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडून फाइल एकदा बदलून घेतली आणि मग टाइमलाइनवर टाकली की बरेचसे गचके आणि ओठांचा घोळ दोन्ही मिटतात. पण हे सगळं एडिटिंग सुरू करण्याआधी करायचं असतं. आधी करायच्या गोष्टी नंतर करणं हाच आपला बाणा असल्याने काळजीचं कारण नाही.

ज्यांच्याकडे कॅमकॉर्डरच्या जुन्या डीव्ही कॅसेटी आहेत, त्यांच्या भाग्याचा मला हेवा वाटतो. त्या चित्रणात पूर्ण फ्रेम नसतातच. सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात, एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम, आणि दोघांत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. या अर्ध्या चित्रांना फील्ड म्हणतात. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी येतं. एचडीच्या इंटरलेस्ड, म्हणजे अशाच अर्ध्या चित्रांच्या, चित्रणात सहसा वरचं आधी. सेटिंगमध्ये हा क्रम उलटा करा आणि गंमत बघा. पहिल्याच्या आधी दुसरं, तिसऱ्याच्या आधी चौथं. झोपाळा तीन पावलं पुढे जातो, एक मागे येतो, पुन्हा तीन पुढे, एक मागे. झोपाळ्यावर बसलेली आत्या जागच्या जागी थरथरते. गंमत म्हणजे ती स्थिर बसली की चित्र अगदी निर्दोष दिसतं, त्यामुळे दोष आत्याच्या हालचालीतच आहे असं ठामपणे म्हणता येतं.

याहून पक्कं काम करायचं असेल तर डीइंटरलेस न करताच, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं न बनवताच, ते चित्र ताणून मोठं करा. आधी कळस मग पाया. मोठं करताना सम आणि विषम ओळी एकमेकींत कालवल्या जातात, हलणाऱ्या प्रत्येक कडेला कंगव्याचे दात फुटतात आणि मग ते वेगळे काढणं जवळजवळ कुणाच्याच हातात राहत नाही. आधी डीइंटरलेस आणि मग मोठं, असा सरळ क्रम कुणी सुचवला तर त्याला ४०० टक्के झूम करून तुमचं चित्र किती मोठं झालंय ते दाखवा.

बिटरेटबद्दल, म्हणजे सेकंदाला किती डेटा खर्च होतो त्याबद्दल, थोडक्यात सांगतो. चित्र अडखळलं की एक्सपोर्टमध्ये जाऊन बिटरेट दुप्पट करा. वास्तविक बिटरेट कमी पडला तर चित्र ठोकळ्याठोकळ्यांचं होतं, अडखळत नाही. अडखळतं ते बिटरेट यंत्राला झेपेनासा झाल्यावर. तेव्हा तुमच्या या औषधाने नसलेलं दुखणंही सुरू होईल. कॉम्प्रेशनच नको असं वाटत असेल तर अनकम्प्रेस्ड एव्हीआय आहेच. १९२० बाय १०८०, दर ठिपक्याला तीन बाइट, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सेकंदाला सुमारे १५५ एमबी आणि तासाला सुमारे ५६० जीबी. ही फाइल यूएसबी २ च्या पोर्टला लावलेल्या डिस्कवरून चालवा. त्या पोर्टची कागदावरची कमाल मर्यादाच सेकंदाला ६० एमबी आहे. प्लेअर गुदमरेल, पण दर्जात तडजोड केली नाही हे तर कुणी नाकारणार नाही.

कोडेकचं, म्हणजे व्हिडिओ दाबायच्या आणि उलगडायच्या पद्धतीचंही असंच. एच.२६४ ला २००३ मध्ये मान्यता मिळाली, आज कुठलंही जुनंपानं यंत्र ते चालवतं. तेव्हा ते टाळून जुन्या लॅपटॉपसाठी ४के, १०-बिट एच.२६५ निवडा. ज्या चिपमध्ये ते उलगडण्याची सोय नाही तिथे सगळा भार प्रोसेसरवर येतो, पंखा भणभणतो, आणि ‘एवढा पंखा फिरतोय म्हणजे काहीतरी मोठं काम चाललंय’ असं समाधान मिळतं. व्हीएलसीच्या टूल्स मेन्यूत कोडेक इन्फॉर्मेशनमध्ये स्टॅटिस्टिक्सचा एक कप्पा असतो, त्यात प्लेअरने चालवताना गमावलेल्या फ्रेमचा आकडा दिसतो. तिकडे फिरकू नका. आकडे दिसले की वाद संपतात.

एडिटिंग करताना प्रिव्ह्यू अडखळतो ते दुखणं निराळं. प्रॉक्सी, म्हणजे क्लिपांच्या हलक्या नकला, केल्या की ते बहुतेक वेळा जातं आणि त्याचा अंतिम फाइलशी काही संबंध नसतो. तुम्ही मात्र दोन्ही एकच समजा. म्हणजे प्रिव्ह्यू अडखळतो म्हणून व्यवस्थित फाइलवर उपचार करता येतील, आणि प्रिव्ह्यू सुरळीत आहे म्हणून बिघडलेली फाइल तशीच वाटता येईल.

एवढं करूनही चुकून फाइल ठणठणीत निघाली तर चित्रणातच सोय करून ठेवा. भर उन्हात फोन एकेका फ्रेमला प्रकाश घ्यायला सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ देतो. २५ च्या चित्रणाला साधारण पन्नासावा भाग द्यावा, अशी छायाचित्रकारांची जुनी रीत आहे. त्यामुळे हलणारी वस्तू किंचित पुसट होते आणि डोळा तिला सलग मानतो. उन्हात मात्र प्रत्येक फ्रेम सुरीने कापल्यासारखी धारदार येते, आणि एकही फ्रेम गळालेली नसताना सगळं गचके खातंय असं वाटतं. त्यात फोन गर्रकन फिरवा. २४ फ्रेमच्या चित्रणात एखादी गोष्ट पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला सात सेकंद तरी लागावेत, असा एक ठोकताळा आहे. तुम्ही अख्खा डोंगर दीड सेकंदात उरका. नंतर सगळ्यांना त्या गचक्याचं कारण सॉफ्टवेअरमध्ये शोधू द्या.

आणि हो, डिस्क भरत आली असेल. रेंडर झालेली फाइल हातात आहे, मग कच्चं चित्रण कशाला जपायचं? कार्ड फॉरमॅट करा, मूळ क्लिपा उडवा, प्रोजेक्टची फाइल लहानशीच असते पण तीही राहू देऊ नका. गळालेल्या फ्रेम फक्त तिथेच जिवंत असतात. पुढे कधी कुणी शहाणा आलाच, ई दाबून बघितलं आणि म्हणाला, “अहो, प्रोजेक्ट २५ चा झालाय. मूळ क्लिपा द्या, ३० करून पुन्हा रेंडर करू, तासाभराचंही काम नाही,” तर तुम्ही हात वर करून मोकळे.