‘घोड्याशेजारी एक गाढव बांधा’ या सल्ल्याला उत्तर

घोडे पाळणाऱ्यांच्या मोबाइलवर वरचेवर फिरणारा एक सल्ला आहे. घोडा एकटा असेल तर दुसरा घोडा कशाला घेता? एक गाढव आणून शेजारी बांधा. घोडा शांत होतो. गाढव आजारी पडत नाही, काहीही खाऊन जगतं, त्याला नालबंद लागत नाही, औषध लागलंच तर घोड्याचं अर्धं पुरतं, आणि रात्री फुकटची राखण होते ती वेगळीच.

यात पूर्ण खोटं असं थोडंच आहे. बहुतेक मुद्दे अर्धे खरे आहेत, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. सगळ्यात महागात पडणारा मुद्दा आधी घेऊ.

‘गाढव आजारी पडत नाही.’

ते पडतं, फक्त दाखवत नाही. घोड्याच्या पोटात दुखायला लागलं की तो लोळतो, पोटाकडे वळून बघतो, घामाघूम होतो. गाढव मान खाली घालून उभं राहतं. कधी कधी तर गव्हाणीत तोंड घालून ओठ हलवत राहतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं खातंय, पण घास गिळलेला नसतो. म्हणून ‘उभं होतं, खात होतं’ यावर विसंबू नका. टाकलेला चारा किती आणि उरलेला किती हे रोज बघा. मलूल गाढव ही तातडीची केस समजा, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका.

थर्मामीटर लावताना एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रौढ घोड्याचं तापमान साधारण 99.5 ते 101.3 अंश फॅरनहाइट असतं, गाढवाचं 97.2 ते 100. म्हणजे 101 हा आकडा घोड्याला नॉर्मल, पण गाढवाला ताप. उन्हात उभ्या जनावराचं तापमान थोडं चढतं, म्हणून सकाळी सावलीत मोजा. नाडी उलट गाढवाची जास्त असते. मिनिटाला 36 ते 52, तर घोड्याची 28 ते 44.

आता ग्लँडर्स हा घोड्या-गाढवांचा संसर्गजन्य रोग. गाढव बहुधा बाजारातूनच येतं. जेजुरीचा पौष पौर्णिमेचा बाजार असो की मढीच्या यात्रेतला, लांबलांबची जनावरं तिथे एकत्र येतात. दुवान, चौवान, अखंड जवान असे दात बघून भाव ठरतो, गावरान की काठेवाडी यावर घासाघीस होते, पण रक्ताच्या तपासणीचा विषय कुणी काढत नाही. ग्लँडर्स जिवाणूंमुळे होतो, त्यावर लस नाही, आणि तो माणसालाही होतो. गाढवात तो सहसा तीव्र असतो, काही दिवसांत जनावर जातं. घोड्यात तो महिनोन्महिने रेंगाळतो. नाकातून, बरेचदा एकाच नाकपुडीतून, चिकट पिवळट स्राव येतो. पायाच्या आतल्या बाजूला गाठी येऊन फुटतात. 2006 मध्ये पुणे-पाचगणी भागातल्या घोड्यांत हा रोग निघाला होता, तेव्हा हे आपल्याकडचं नाही असं म्हणायची सोय नाही. रक्ताचा नमुना सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाठवता येतो. हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात त्याची एलायझा आणि सीएफटी या दोन चाचण्यांनी तपासणी होते. जनावर बाधित निघालं तर उपचार नाहीत, 2009 च्या केंद्रीय कायद्याखाली त्याला दयामरण द्यावं लागतं. तुमच्या घोड्याला लागण झाली असेल तर त्यालाही. म्हणून तपासणी आधी आणि गाढव तबेल्यात नंतर.

दुसरी अडचण फुफ्फुसातल्या जंतांची. डिक्टिओकॉलस आर्नफिल्डी हा जंत गाढवाच्या फुफ्फुसात सुखाने नांदतो आणि त्याला खोकलाही येत नाही. त्याच गवतावर चरलेल्या घोड्याला मात्र महिनोन्महिने कोरडा खोकला लागतो. मेख अशी की घोड्यात हा जंत बहुधा पूर्ण वाढत नाही, त्यामुळे घोड्याची लीद तपासली तर काहीच सापडत नाही आणि धूळ, ॲलर्जी, दमा असे अंदाज चालू राहतात. तपासायची ती गाढवाची लीद, तीही नुकती पडलेली, त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवून. शिळ्या लिदीत दुसऱ्या जंतांच्या अंड्यांतून अळ्या निघतात आणि निकाल फसवा येतो. चाचणी बेअरमन पद्धतीची सांगा. साध्या जंततपासणीत या अळ्या सुटतात. औषध आयव्हरमेक्टिन, किलोला 0.2 मिलिग्रॅम, तोंडावाटे द्यायची घोड्यांची पेस्ट. गुरांचं इंजेक्शन घोड्या-गाढवांना टोचू नका, टोचल्या जागी गंभीर संसर्ग होऊ शकतो. तसंच गुरांच्या गोचिडांवर फवारतात ते ॲमिट्राझही यांच्यावर नको. त्याने आतड्याची हालचाल मंदावते आणि पोट गच्च होतं.

हे सगळं उरकेपर्यंत निदान 21 दिवस गाढव वेगळं ठेवा. बादली, खरारा, म्होरकी, दावं, सगळं वेगळं. काम करणारा माणूस एकच असेल तर त्याने आधी घोड्यांचं आटोपून शेवटी गाढवाकडे जावं. धनुर्वाताची लस घोड्याइतकीच गाढवालाही हवी. मोकाट कुत्री असलेल्या भागात रेबीजचीही विचारणा करा.

‘काहीही खाऊन जगतं.’

खातं, आणि मरतं ते त्यानेच. गाढवाला गुळाची चव नसते असं आपण म्हणतो. घोड्याच्या चंदीची, म्हणजे धान्याच्या खुराकाची, चव मात्र त्याला पहिल्याच दिवशी कळते. कोरड्या मुलखातलं हे जनावर निकृष्ट चाऱ्यातूनही सत्त्व काढण्यात घोड्याच्या पुढे आहे. त्यामुळे त्याला कमी आणि रुक्षच लागतं. हिशेब साधा आहे. गाढवाला दिवसाला वजनाच्या साधारण दीड टक्का कोरडा चारा पुरतो, म्हणजे 130 किलोच्या गाढवाला सुमारे 2 किलो. तोही मुख्यतः कडबा, गव्हाचं काड किंवा वाळलेलं डोंगरी गवत. शेजारच्या 350 किलोच्या घोड्याला 2 टक्क्यांनी 7 किलो लागतो, वर कामाप्रमाणे चंदी. दोघांची गव्हाण एक ठेवली की दोन-तीन महिन्यांत गाढवाच्या मानेवर चरबीचा कणा उभा राहतो, पुठ्ठ्यावर गाठोडी दिसायला लागतात. ही मानेवरची चरबी पुढे एका बाजूला कलंडते आणि वजन उतरलं तरी पूर्ण जात नाही. नुसतं डोळ्यांनी बघू नका, आठवड्यातून एकदा बरगड्यांवर तळहात फिरवा. थोडा दाब देऊन बरगड्या मोजता आल्या पाहिजेत.

लठ्ठ गाढवाच्या खुरांना सूज येते, ते वेगळंच. खरा धोका त्याचं खाणं अचानक तुटतं तेव्हा असतो. प्रवास, दातदुखी, सोबती गेला, मालक बदलला, काहीही निमित्त पुरतं. उपाशी शरीर साठवलेली चरबी रक्तात सोडतं, यकृताला ती आवरत नाही, आणि थोड्या दिवसांत यकृत-मूत्रपिंड दोन्ही बसतात. याला हायपरलिपीमिया म्हणतात. रक्त नळीत घेऊन थोडा वेळ उभं ठेवलं की वरचा द्रव पिवळसर पारदर्शक दिसण्याऐवजी दुधासारखा पांढरट दिसतो. तिथवर पोहोचलेली गाढवं बरेचदा वाचत नाहीत. रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, 500 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलं की डॉक्टर हेच निदान धरतात. म्हणून लठ्ठ गाढवाला बारीक करायचं तरी उपाशी ठेवून नाही. हिरवा चारा तोडा, कडबा वाढवा, आणि वजन महिन्यांच्या हिशेबाने उतरू द्या. गाभण गाढवीचं वजन तर उतरवायलाच जाऊ नका.

घोड्याची चंदी वेळच्या वेळी बंद ठाणात द्या आणि तेवढा वेळ गाढवाला त्याच्या कडब्याशी बांधा, एवढं केलं तरी अर्धं काम होतं. ‘काहीही’मध्ये कोंबड्यांचं किंवा गुरांचं खाद्यही येतं. त्यात मोनेन्सिनसारखं औषध मिसळलेलं असलं तर घोड्याचं हृदय बंद पडू शकतं, गाढवही त्यातून सुटत नाही. कचऱ्यातलं प्लास्टिक तर आतड्यात अडकतंच.

‘घोडा शांत होतो.’

होऊ शकतो. पण गाढवाचं काय होतं, हा प्रश्न सल्ल्यात येतच नाही. गाढवं जोडीने राहतात आणि ती जोडी घट्ट असते. एकट्या गाढवाने घोड्याशी जोडी बांधली, तर लग्नसराईत घोडा वरातीला गेला की मागे गाढव ओरडून ओरडून घसा सुकवतं आणि चारा सोडतं. चारा सोडला की काय होतं ते वर आलंच आहे. त्यामुळे घ्यायचीच तर दोन घ्या, तीही एकाच कळपातली, विकणाऱ्याला विचारून: कोणती दोन बरोबर चरतात, बरोबर चालतात? जोडीतलं एक मेलं तर दुसऱ्याला मृतदेहापाशी तासभर तरी राहू द्या. ते हुंगतं, उभं राहतं, मग स्वतःच बाजूला होतं. लगेच उचलून नेलं तर उरलेलं दिवसेंदिवस शोधत हिंडतं.

आणि काही घोडे गाढवाला पाहून शांत होण्याऐवजी दोर तोडून उधळतात. लांब कान, वेगळा वास, आणि तो आवाज. भेट घालून द्यायची पद्धत अशी: विलगीकरण संपलं की आठवडाभर मजबूत कुंपणाच्या दोन बाजूंना ठेवा. मधे दोन हात अंतर असू द्या, काटेरी तार नको. मग सगळ्यात थंड डोक्याचा एकच घोडा निवडा, त्याचे मागचे नाल काढा, आणि मोठ्या मोकळ्या जागेत दिवसाढवळ्या सोडा. कोपरे अडवलेले असावेत, चारा-चंदी समोर नसावी, गळ्यात लोंबता दोर नसावा. गाढवाच्या पुढच्या पायांना घालतात तो पायबंद आधी काढा. आपल्याकडे तो सवयीने तसाच राहतो, आणि घोडा अंगावर आला की पाय बांधलेल्या गाढवाला पळताही येत नाही. शिंगरू असलेली घोडी आणि न खच्ची केलेला घोडा या भेटीत नकोतच.

नर गाढवाबद्दल स्पष्टच लिहितो. खच्ची न केलेला नर घोड्यांत सोडू नका. तो मान आणि पाय धरतो आणि सहज सोडत नाही, शिंगराला तर मारूही शकतो. शिवाय घोडी त्याच्यापासून गाभण राहिली तर खेचर होणार. घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62, मधे 63 घेऊन आलेलं पिल्लू वांझ. गाढवाच्या अंडकोषाच्या रक्तवाहिन्या घोड्यापेक्षा मोठ्या असतात, त्यामुळे नस नीट बांधूनच शस्त्रक्रिया करायला डॉक्टरांना सांगा. त्यानंतरही दीड-दोन महिने घोडीपासून दूर ठेवा.

‘नालबंद लागत नाही.’

मऊ जमिनीवरच्या गाढवाला नाल लागत नाही हे खरं. नालबंद मात्र दर 6 ते 8 आठवड्यांनी लागतो, खूर छाटायला. गाढवाचा खूर घोड्यापेक्षा 5 ते 10 अंश उभा असतो. घोड्याची सवय असलेला हात टाच खाली घेऊन तो घोड्यासारखा तिरपा करायला जातो आणि गाढव लंगडायला लागतं. त्याला आधीच सांगा.

सह्याद्रीच्या पावसात खरा त्रास पुढेच असतो. गाढवाचा खूर कोरड्या जमिनीसाठी घडलेला आहे, ओलाव्यात तो पाणी शोषून मऊ पडतो. तळव्याच्या कडेला काळपट भुसभुशीत थर दिसला, ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर आत कुजणं चालू आहे. घट्ट भाग लागेपर्यंत ते खरवडून काढावं लागतं आणि जनावर कोरड्यावर ठेवावं लागतं. अंगावरची केसंही घोड्याइतकी पाऊस अडवत नाहीत. माथेरान-महाबळेश्वरकडे घोडा भिजला तरी चालून जातो, गाढवाचं तसं नाही. दोन गाढवांना साधारण 10 बाय 10 फुटांचं छप्पर हवं, खाली मुरूम टाकून वीतभर उचललेली जमीन, आणि वाऱ्याकडची बाजू बंद.

‘घोड्याचं औषध अर्धं पुरतं.’

आधी वजन काढा. घोड्यासाठीची टेप गाढवाला चालत नाही. कोपरामागून छातीचा घेर आणि खांद्याची उंची सेंटिमीटरमध्ये घ्या. घेराचा 2.12 वा घात गुणिले उंचीचा 0.688 वा घात, भागिले 3801, आलं ते किलोतलं अंदाजे वजन. घेर 110, उंची 100 असेल तर 133 किलो. मोबाइलमधला कॅलक्युलेटर आडवा धरला की घाताचं बटण दिसतं.

पण नुसत्या वजनाने भागत नाही. फिनाइलब्युटाझोन, फ्लुनिक्सिन ही वेदनाशामकं गाढवाच्या शरीरातून घोड्यापेक्षा लवकर निघून जातात. घोड्याला दिवसातून एकदा पुरणारं औषध त्याला दोनदा लागू शकतं. तेव्हा ‘अर्धं आणि एकदा’ दिलं तर गाढव दुखणं सोसत उभं राहतं, आणि बरं वाटलं असा समज होतो. गुंगीच्या औषधांचंही गणित वेगळं. डोस डॉक्टरांकडूनच घ्या, आणि ‘हे गाढव आहे’ हे फोनवर आधी सांगा.

‘राखण करतं.’

कुत्र्यावर, कोल्ह्यावर गाढव धावून जातं, परदेशात मेंढ्यांच्या कळपात त्यासाठीच ठेवतात. पण तुमचा स्वतःचा कुत्राही त्याला कुत्राच दिसतो. आणि जुन्नर, आंबेगाव किंवा घाटमाथ्यावर प्रश्न बिबट्याचा असतो, तिथे गाढव हा पहारेकरी नसून शिकार आहे. चाहूल लागली तर ते ओरडेल, तुम्हाला जागही येईल, पण तोवर दावणीला बांधलेल्या जनावराला जायला जागा नसते. बिबट्याच्या भागात घोडा असो की गाढव, रात्री छतापर्यंत जाळी लावलेल्या बंद गोठ्यात ठेवा, आणि आत मोकळं सोडा, बांधू नका.