श्वास सोडा, पोटही सोडा

आरोग्य शिबिरात माणूस रक्तदाबाच्या टेबलावर हात पुढे करतो, डोळ्यांच्या टेबलावर चष्मा काढतो आणि आमच्या टेबलाशी आला की पोट आत घेतो. अजून आम्ही काही विचारलेलंही नसतं. टेबलावर असते फक्त शिंप्याची टेप आणि चार प्रश्नांचा कागद.

हा कागद म्हणजे इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअर. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या मोठ्या पाहणीवरून तो २००५ साली मांडला. सुई नाही, उपास नाही. वय, कंबर, हालचाल आणि आईवडील एवढ्यावर शंभरपैकी मार्क. शाळेत ज्यांनी साठाचं तोंड पाहिलं नाही त्यांना इथे साठ सहज पडतात आणि नेमके इथेच ते नको असतात, कारण साठपासून पुढे मधुमेहाची जोखीम जास्त. तीसच्या आत कमी, मधले मध्यम.

वयाला पस्तिशीच्या आत शून्य, ३५ ते ४९ ला २०, पन्नाशीपासून ३०. आधार कार्डामुळे इथे घासाघीस कमी. तरी "पन्नास पुढच्या महिन्यात पूर्ण होतायत" म्हणत दहा मार्क वाचवणारे भेटतातच.

आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. उत्तर ठरलेलं: "आमच्यात कुणालाच नाही हो!" वडिलांची शुगर कधी तपासली होती का? "छे, त्यांना डॉक्टरची पायरी चढायची वेळच आली नाही." पायाला जखम वगैरे? "हां, ती मात्र वर्षभर चिघळली, शेवटी अंगठा काढावा लागला." कागदावर मात्र शून्यच लिहावं लागतं. न केलेल्या तपासणीमुळे निरोगी ठरलेली अशी कितीतरी घराणी आपल्याकडे आहेत. काका, मामा, आत्या यांना मार्क नाहीत. त्यांची हकीकत ऐकून घ्यावी लागते ती वेगळी.

खरी झुंज कंबरेची. पुरुषाला ९० सेंटिमीटरच्या आत शून्य, ९० ते ९९ ला १०, शंभरपासून २०. बायकांना याच पायऱ्या ८० आणि ९० वर. "लिहा चौतीस, पँटीवर छापलंय," हे मान्य होत नाही. पँट पोटाच्या खाली बांधलेली असते आणि आम्हाला हवं असतं ते पोट बकलाच्या वर मोकळं बसलेलं असतं. पद्धत अशी: शेवटची बरगडी चाचपायची, कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपायचा, दोन्हींच्या बरोबर मधे टेप. पाय जवळ, हात बाजूला. टेप अंगाला लागलेली, पण रुतलेली नाही. मागच्या बाजूला ती हमखास घसरते, म्हणून कुणीतरी पाठीमागून पाहावं. निऱ्या आणि नाडीच्या गाठीवरून मोजलं तर आकडा कापडाचा येतो. टेपला एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. पीळ पडला की सहा फुटी गृहस्थाची कंबर ३८ सेंटिमीटर भरते आणि घाईत तशीच नोंदवलीही जाते. जुनी कापडी टेप ताणून लांबते, ती स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहावी, नाहीतर अख्ख्या सोसायटीची कंबर फुकटात कमी होते.

मोजायचं असतं सहज सोडलेल्या श्वासाच्या शेवटी. "श्वास सोडा" म्हटलं की लोक श्वास सोडतात, पोट सोडत नाहीत. उपाय एकच, सकाळी नाश्त्याला काय होतं ते विचारा. साबुदाण्याच्या खिचडीचं वर्णन सुरू झालं की पोट आपोआप जागेवर येतं. दोनदा मोजा, एका सेंटिमीटरहून जास्त फरक पडला तर पुन्हा.

व्यायामाच्या प्रश्नाला नियमित व्यायाम आणि अंगमेहनतीचं काम दोन्ही असेल तर शून्य, एकच असेल तर २०, काहीच नसेल तर ३०. "रोज चालता का?" असं विचारलं की सगळा महाराष्ट्र चालतो. "काल किती चाललात?" असं विचारलं की पाऊस पडलेला असतो. शेतातली खुरपणी, डोक्यावरून पाणी आणणं हे मेहनतीत धरतो. ओट्याशी दिवसभर उभं राहणं धरत नाही, आणि हे सांगताना मी ताईंच्या नजरेला नजर देत नाही.

आता हिशेब. वय ५२, वडिलांना मधुमेह, कंबर ९६, काम बैठं: ३०, १०, १०, ३०, म्हणजे ८०. या गृहस्थांनी कंबर ८९ वर आणली, रोजचा व्यायाम धरला, तरी येतात ६०, म्हणजे पुन्हा आमच्याच रांगेत! त्यांचा संताप रास्त आहे. वय आणि आईवडील यांचे मिळून ५० मार्क गोठलेले. हलणारे ५० कंबर आणि व्यायामाचे, तेही दहा-वीसच्या ढोबळ उड्यांनी. जोखीम खरोखर उतरलेली असते, फक्त कागद तितका बारीक नाही.

शिवाय स्कोअर म्हणजे निदान नव्हे. मूळ अभ्यासात साठ किंवा वर गेलेल्या शंभरांत सुमारे सतराच जणांना मधुमेह निघाला, आणि ज्यांना तो होता अशा शंभरांतले सत्तावीसएक साठच्या खालीच लपून राहिले. रक्त कुणाचं आधी तपासायचं, एवढं ठरवायला हा कागद. पुढची तपासणी किमान आठ तास उपाशीपोटी. "नुसता चहा घेतला" म्हणजे उपास मोडला. रक्तातली साखर १२६ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा वर आली तर मधुमेह, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. त्रास काही नसेल तर एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत, तपासणी पुन्हा करतात.

काहींना ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाच मिनिटांत संपवून पुन्हा रक्त देण्यासाठी दोन तास बसावं लागतं. तोवर आयोजकांचा शिरा, बिडी आणि "जरा खाली चक्कर मारून येतो" हे तिन्ही बंद. आणि व्यायामात ३० घेतलेल्यांना चक्कर नेमकी तेव्हाच मारायची असते.